पूल केलेल्या डीएनएतून हरभऱ्याच्या मर-प्रतिकाराची जागा शोधताना: आधी झाडं मोजा, मग रीड

पूल पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रतिकारक झाडांचा डीएनए एका नळीत, मरला (बुरशीने झाड वाळवणाऱ्या रोगाला) बळी पडणाऱ्या झाडांचा दुसऱ्या नळीत, दोन्हींचं सिक्वेन्सिंग (डीएनएचे छोटे तुकडे वाचणं, वाचलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक रीड), आणि जिनोममध्ये जिथे दोन नळ्यांतल्या अलीलांचं (एकाच जागेच्या वेगवेगळ्या रूपांचं) प्रमाण वेगळं दिसेल तिथे प्रतिकाराची जागा. दोनशे झाडांचं काम दोन नमुन्यांत उरकतं, म्हणून मराठवाड्यात हरभरा, तूर किंवा ज्वारीवर एमएस्सी-पीएचडी करणारे विद्यार्थी याच वाटेने जातात. मग आलेखात सात-आठ शिखरं येतात, सगळ्यांचे पी-मूल्य भन्नाट असतात, आणि मार्कर (डीएनएवरची ओळखीची खूण) बनवून एकेका झाडावर लावला की एकही शिखर टिकत नाही.

दोष सॉफ्टवेअरचा नसतो. पूलमध्ये नमुना दोनदा काढला जातो: आधी शेतातून झाडं निवडताना, नंतर नळीतून रीड निवडताना. बहुतेकजण फक्त दुसरी निवड मोजतात. खालचे टप्पे ही चूक टाळण्याच्या दृष्टीनेच लावले आहेत. उदाहरण मुद्दाम एकच ठेवलं आहे: डब्ल्यूआर ३१५ (प्रतिकारक) आणि जेजी ६२ (लवकर मर लागणारा) यांच्या संकरातली एफ२ पिढी, झाडं २०० (संकराची पहिली पिढी एफ१, तिच्या स्वफलनाची एफ२, त्यापुढची एफ३). प्रतिकार एकाच अप्रभावी जनुकाचा आहे असं हिशेबापुरतं धरलं आहे. प्रत्यक्षात बुरशीच्या रेसनुसार (उपप्रकारानुसार) एकाहून जास्त जागा निघू शकतात, तो भाग टप्पा ३ मध्ये येतो.

## टप्पा १: संकर खरा आहे का ते पाहा

हरभऱ्याचं फूल लहान. हाताने केलेल्या परागीकरणात स्वफलन झालेला दाणा हमखास घुसतो. अशा एका खोट्या एफ१ झाडापासून एफ२ वाढवली तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो.

जेजी ६२ ला मादी ठेवा. या वाणाला एका देठावर दोन घाटे येतात आणि तो गुण अप्रभावी आहे. त्यामुळे एफ१ झाडाला एकेकटे घाटे आले तर संकर खरा, जोडघाटे दिसले तर ते झाड उपटून टाका. जोडघाटे पहिल्या काही फुलोऱ्यांवरच नीट दिसतात, म्हणून घाटे भरायला लागले की लगेच पाहणी करा. शिवाय दोन्ही पालकांत वेगळे असणारे दोन-तीन मार्कर एफ१ वर चालवून घ्या.

तपासा: एफ२ चं सगळं बी शक्यतो एकाच एफ१ झाडाचं असावं. तीन-चार झाडांचं बी एकत्र केलं आणि पालक पुरेसा शुद्ध नसला, तर पूलमध्ये तिसराच अलील निघतो.

## टप्पा २: एफ२ निरोगी शेतात, चाचणी एफ३ वर

सगळ्यात महागडी चूक इथे होते. उत्साहाच्या भरात एफ२ थेट मर रोगाच्या सिक प्लॉटमध्ये, म्हणजे मुद्दाम रोगट ठेवलेल्या रानात, पेरली जाते. महिनाभरात बळी झाडं वाळतात, त्यांचं पान हाती लागत नाही, बी तर नाहीच. शिवाय एका झाडाचा जगण्या-मरण्याचा निकाल हा एकच निकाल असतो. ते झाड प्रतिकारक होतं म्हणून जगलं की मुळाशी बुरशी पोचलीच नाही म्हणून, हे कळायला मार्ग उरत नाही.

क्रम असा ठेवा:

१. पहिल्या रब्बीत एफ२ रोगमुक्त रानात लावा. दोन झाडांत हातभर अंतर ठेवा, म्हणजे फांद्या गुंतून बियांची सरमिसळ होणार नाही.

२. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक झाडाची कोवळी पानं घ्या. झाडाला आणि पाकिटाला तोच क्रमांक द्या. क्रमांक पेन्सिलीने लिहा. शाईचा क्रमांक स्पिरिट लागलं की पुसतो.

३. काढणीत प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवा. निम्मं चाचणीला, निम्मं राखीव.

४. दुसऱ्या रब्बीत प्रत्येक एफ२ झाडाची एक एफ३ ओळ सिक प्लॉटमध्ये पेरा. ओळीत किमान २० झाडं उभी राहिली पाहिजेत.

२० चा आकडा कुठून आला ते पाहा. मिश्र म्हणजे दोन वेगळे अलील असलेल्या एफ२ झाडाच्या संततीत दर चारात सरासरी एक झाड प्रतिकारक निघतं. ओळीत ८ च झाडं असतील तर एकही प्रतिकारक न दिसण्याची शक्यता ०.७५ चा आठवा घात, म्हणजे १० टक्के. २०० झाडांच्या एफ२ मध्ये मिश्र झाडं सुमारे १००. त्यातली दहा ‘पूर्ण बळी’ म्हणून खऱ्या ५० मध्ये मिसळतात आणि बळी पूलमधलं दर सहावं झाड चुकीचं निघतं. ओळीत २० झाडं असली की हीच शक्यता ०.३ टक्क्यावर येते.

या पद्धतीचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. फक्त एफ२ चं रूप पाहून पूल केले तर बळी पूलमध्ये दोन-तृतीयांश झाडं मिश्र असतात. प्रतिकारक पूलमध्ये प्रतिकाराच्या अलीलाचं प्रमाण १, बळी पूलमध्ये ०.३३, म्हणजे नेमक्या जागेवरही फरक ०.६७ च्या वर जात नाही. एफ३ वरून शुद्ध झाडं ओळखून पूल केले तर तोच फरक १ होतो. एक हंगाम जास्त लागतो, पण शिखर दीडपट उंच मिळतं. सिक्वेन्सिंगला कितीही पैसा ओतला तरी हे विकत मिळत नाही.

## टप्पा ३: मर म्हणजे मरच ना?

शेतकरी ‘हरभरा उबळला’ म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळे रोग असू शकतात. पूलसाठी हे तीन एकत्र होणं म्हणजे विषच. काळ्या रानात फुलोऱ्यानंतर ओल तुटली आणि ऊन चढलं की कोरडी मूळकूज जोर धरते, आणि दुरून ती मरसारखीच दिसते.

प्रत्येक मेलेलं झाड मुळासकट उपटा आणि कॉलरपासून (खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथून) वरखाली चार-पाच सेंटीमीटर ब्लेडने उभं चिरा.

- मर: बाहेरून मूळ बरंच धड दिसतं, आत मधोमध तपकिरी-काळी उभी रेघ. पानं पिवळी पडून माना टाकतात.
- कोरडी मूळकूज: सोटमूळ काळपट आणि ठिसूळ, वाकवलं की कडकन मोडतं. बारीक मुळं झडलेली असतात. बहुतेक वेळा फुलोऱ्यापासून पुढे.
- कॉलर कूज: रोपावस्थेतच. जमिनीलगत पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीसारखे दाणे.

रेघ दिसली नाही तर ते झाड मोजणीतून वगळा. ‘मेलं म्हणजे बळी’ अशी नोंद करू नका.

जेजी ६२ ची तपासणी ओळ दर चार ओळींनंतर हवी. तिथे ९० टक्क्यांहून जास्त झाडं महिन्याभरात मेली तर आजूबाजूच्या ओळींचा निकाल धरा. ज्या तुकड्यात जेजी ६२ च हिरवीगार उभी आहे तिथला निकाल कागदावर कितीही चांगला दिसला तरी सोडून द्या. मोजणी ३० दिवसांनी एकदा आणि ६० दिवसांनी पुन्हा. काही ओळी उशिरा मरतात. रेस १ च्या बाबतीत एकेकटं जनुक मर फक्त लांबवतं, थांबवत नाही. उशिरा मरणाऱ्या ओळी दोन्हीपैकी कोणत्याच पूलमध्ये घालू नका.

बदनापूर किंवा परभणीच्या आसपासच्या सिक प्लॉटमध्ये बुरशीचे एकाहून जास्त प्रकार असण्याची शक्यता गृहीत धरा. जनुक विशिष्ट रेसवर काम करतं, म्हणून जमल्यास एका बीजाणूपासून वाढवलेल्या बुरशीने कुंड्यांत समांतर चाचणी घ्या आणि दोन्हीकडे सारखा निकाल आलेल्याच ओळी निवडा.

तपासा, पूल करण्याआधी: एकच जनुक असेल तर २०० ओळींत पूर्ण प्रतिकारक, मिश्र आणि पूर्ण बळी यांचं अपेक्षित वाटप ५०, १००, ५०. समजा तुम्हाला ३८, १०४, ५८ मिळाले. काय-स्क्वेअर = १४४/५० + १६/१०० + ६४/५० = ४.३२. दोन स्वातंत्र्य अंशांना ५ टक्क्यांची मर्यादा ५.९९, म्हणजे पुढे जायला हरकत नाही. पण पूर्ण प्रतिकारक ओळी १२-१३ च निघाल्या तर थांबा. तो आकडा २०० चा सोळावा भाग आहे, म्हणजे दोन जनुकं एकत्र लागतात असा अर्थ. मग प्रतिकारक पूल त्या १२ झाडांचाच होईल आणि दोन शिखरांची अपेक्षा ठेवावी लागेल.

## टप्पा ४: पान आणि डीएनए

हरभऱ्याच्या पानावर आंब असते. पहाटे फडकं फिरवून गोळा करतात तीच. ती तीव्र आम्ल आहे आणि आम्लात डीएनए तुटतो. पान स्वच्छ पाण्यात बुडवून काढा, टिपकागदाने कोरडं करा, मगच पाकिटात घाला.

शेतातून प्रयोगशाळेपर्यंत बर्फ टिकेल याची खात्री नसेल तर सिलिका जेल वापरा: पानाच्या वजनाच्या किमान दहापट, हवाबंद पिशवीत. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. लाइट गेल्यावर फ्रीझरमध्ये वितळणाऱ्या आणि पुन्हा गोठणाऱ्या पानांपेक्षा सिलिकातली कोरडी पानं कितीतरी बरी.

डीएनए नेहमीच्या सीटॅब (एक डिटर्जंट) पद्धतीने काढा. १०० मिलिग्रॅम ताजं कोवळं पान (सुकलेलं असेल तर १५-२० मिलिग्रॅम), २ टक्के सीटॅबचा बफर, ६५ अंशांवर पाऊण तास, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १, आयसोप्रोपॅनॉलने साका, ७० टक्के इथेनॉलने धुणं, आरएनएज. यात नवीन काही नाही.

महत्त्वाचं एवढंच, की डीएनए प्रत्येक झाडाचा वेगळा काढायचा. वीस झाडांची पानं एकाच खलात कुटून डीएनए काढणं हा शॉर्टकट नाही. कोणत्या झाडाचा किती डीएनए आला हे मग कधीच कळत नाही, आणि टप्पा ९ मधल्या पडताळणीची दारंही बंद होतात.

## टप्पा ५: पूल मिसळणं

इथे घाई नको. पूलची खरी संख्या हातातल्या पिपेटवर ठरते.

१. प्रत्येक नमुन्याची मोजणी फ्लुओरोमीटरवर करा, म्हणजे क्यूबिटसारख्या यंत्रावर. नॅनोड्रॉप आरएनए आणि इतर कचराही डीएनएत धरतो, शुद्धतेसाठी तो पाहा (२६०/२८० गुणोत्तर १.८ ते २.०), प्रमाणासाठी नाही.

२. सगळे नमुने एका मायक्रोलिटरला २० नॅनोग्रॅमवर आणा.

३. पातळ केल्यावर पुन्हा मोजा. १८ ते २२ च्या बाहेरचे नमुने पुन्हा बेतून घ्या.

४. प्रत्येकाचे १० मायक्रोलिटर पूलमध्ये घाला. २० झाडांचा पूल म्हणजे ४ मायक्रोग्रॅम. एक मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी उचलू नका. तिथे पिपेटची चूकच मोजमापाएवढी होते.

५. उरलेला डीएनए क्रमांकासह उणे २० अंशांवर ठेवा.

पाचवी पायरी न केल्याने अनेकांचं शेवटी अडतं.

मिसळणं असमान झालं तर किती नुकसान होतं त्याचा हिशेब सोपा आहे: प्रत्येक झाडाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज घ्या, १ ला त्या बेरजेने भागा. २० झाडांपैकी पाचांचा डीएनए इतरांच्या तिप्पट पडला तर परिणामी झाडं, म्हणजे हिशेबात खरोखर धरता येतील अशी, १५ उरतात. एकाच झाडाचा दहापट पडला तर उरतात ७. नळीवर ‘२०’ लिहिलेलं असतं, गणितात मात्र सातच झाडं.

## टप्पा ६: किती झाडं, किती डेप्थ

पैसे देण्याआधी हा टप्पा सोडवा, नंतर सोडवून उपयोग नाही. डेप्थ म्हणजे जिनोममधली एकेक जागा सरासरी किती रीडमध्ये वाचली गेली तो आकडा. जनुकाशी संबंध नसलेल्या जागेवर दोन्ही पूलांत अलीलाचं प्रमाण ०.५ असायला हवं. नुसत्या योगायोगाने त्यात किती फरक दिसेल? एका पूलचं विचरण असं:

०.२५ × [ १/(२ × झाडं) + १/डेप्थ − १/(२ × झाडं × डेप्थ) ]

दोन पूलांच्या फरकाचं विचरण याच्या दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन. एका एसएनपीला (डीएनएत एका अक्षराचा फरक असलेल्या जागेला) ९५ टक्क्यांची मर्यादा त्याच्या १.९६ पट. आकडे घालून पाहा:

- प्रत्येकी १० झाडं, डेप्थ १००: मर्यादा ०.३४
- १० झाडं, डेप्थ ३००: ०.३२
- २० झाडं, डेप्थ ३०: ०.३३
- २० झाडं, डेप्थ १००: ०.२६
- ५० झाडं, डेप्थ ३०: ०.२९
- ५० झाडं, डेप्थ १००: ०.२०

पहिल्या तीन ओळी पुन्हा वाचा. १० झाडांवर ३०० ची डेप्थ घेणाऱ्याला २० झाडांवर ३० घेणाऱ्याइतकंच कळतं, खर्च मात्र दहापट. डेप्थ २ × झाडं या आकड्याच्या फार पुढे नेली की पैसे वाया जातात, कारण तेच ते गुणसूत्र पुन्हापुन्हा वाचलं जातं. वरचं सूत्र एफ२ साठी आहे. आरआयएल (अनेक पिढ्या स्वफलन करून शुद्ध केलेल्या) ओळींत प्रत्येक झाड एकाच अलीलाचं असतं, म्हणून तिथे २ × झाडं ऐवजी नुसती झाडं घाला.

किती डेटा मागवायचा? हरभऱ्याचा जिनोम सुमारे ७४० मेगाबेस. ३० डेप्थला २२ गिगाबेस लागतात, पण ते कामी आलेले. समजा ९० टक्के रीड नीट बसले आणि २० टक्के पीसीआरच्या नकला निघाल्या, तर ०.७२ ने भागावं लागतं: प्रत्येक पूलला ३१ गिगाबेस. दोन्ही पालकांचं सिक्वेन्सिंग १० ते १५ डेप्थवर कराच. पालक वगळून वाचवलेला पैसा पुढच्या टप्प्यात व्याजासकट जातो.

## टप्पा ७: डेटा गाळणं

रीड बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रॅमने संदर्भ जिनोमवर बसवा, नकला खूण करून बाजूला काढा, पालक आणि दोन्ही पूल एकत्र ठेवून एसएनपी शोधा. मग पुढची गाळणी:

- दोन्ही पालक शुद्ध आणि एकमेकांपासून वेगळे, एवढ्याच जागा ठेवा.
- सॉफ्टवेअर पूलला दोन अलीलांचं एक झाड समजून जिनोटाइप लिहितं. तो रकाना पूर्ण दुर्लक्षित करा. फक्त प्रत्येक अलीलाच्या रीडची संख्या घ्या.
- पूलच्या सरासरी डेप्थच्या एक-तृतीयांशाहून कमी आणि दुपटीहून जास्त डेप्थच्या जागा काढा. जास्त डेप्थच्या जागा बहुधा पुनरावृत्त भागातल्या असतात.
- दोन्ही पूलांत प्रमाण ०.३ हून कमी किंवा दोन्हींत ०.७ हून जास्त असेल तर ती जागा संशयास्पद.

सावध, दिशेची चूक: प्रमाण संदर्भ जिनोमच्या अलीलावरून काढू नका. हरभऱ्याचा नेहमी वापरला जाणारा संदर्भ जिनोम काबुली वाणाचा आहे. आपले दोन्ही पालक देशी. एका एसएनपीला संदर्भ अलील डब्ल्यूआर ३१५ कडे असतो, शेजारच्याला जेजी ६२ कडे. फरकाचं चिन्ह उलटसुलट होतं आणि सरासरी घेतल्यावर खरं शिखरच सपाट होतं. प्रत्येक जागेवर ‘डब्ल्यूआर ३१५ च्या अलीलाचं प्रमाण’ हाच आकडा काढा. पालकांचं सिक्वेन्सिंग यासाठीच हवं असतं.

तपासा: संपूर्ण जिनोमवर डब्ल्यूआर ३१५ अलीलाची सरासरी दोन्ही पूलांत ०.५ च्या जवळ हवी. आता दोन्ही पालक सारखे असलेल्या जागा पाहा. तिथे एखाद्या पूलमध्ये अनेक ठिकाणी ५ टक्के परका अलील दिसला तर वीसांत एक झाड बाहेरचं घुसलं आहे: भेसळीचं बी किंवा चुकलेलं पाकीट.

## टप्पा ८: आकडेमोड, आणि जिथे सगळे घसरतात ती जागा

१० झाडांचे पूल, डेप्थ १००. एका जागेवर प्रतिकारक पूलमध्ये १०० पैकी ६२ रीड डब्ल्यूआर ३१५ चे, बळी पूलमध्ये ३८. रीडच्या २ × २ तक्त्यावर काय-स्क्वेअर केली: ११.५२, पी ०.०००७. आनंद.

आता टप्पा ६ चं सूत्र लावा. फरक ०.२४, प्रमाण विचलन ०.१७२५, भागाकार १.३९. पी ०.१६ च्या आसपास. म्हणजे काहीच नाही. काय-स्क्वेअरने २०० रीड २०० स्वतंत्र साक्षीदार धरले. खरे साक्षीदार होते २० झाडांचे ४० गुणसूत्र. फिशरची चाचणी किंवा जी-मूल्य नुसत्या रीडवर लावलं तरी हीच फसगत होते.

दुसरी फसगत खिडकीची. १ मेगाबेसची खिडकी ५० ते १०० किलोबेसने सरकवत सरासरी काढतात, आणि ते योग्यच आहे. खिडकीत किमान १० एसएनपी हवेत. पण खिडकीतले पन्नास एसएनपी म्हणजे एकाच घरातले पन्नास साक्षीदार. सरासरीने रीडचा गोंधळ जवळपास नाहीसा होतो. झाडांच्या निवडीचा गोंधळ तसाच राहतो, कारण शेजारच्या सगळ्या एसएनपींना तीच झाडं आहेत. २० झाडांच्या पूलांत सरासरीनंतरही ०.११ चं प्रमाण विचलन शिल्लक राहतं. ते ५० ने भागून लहान करणं म्हणजे स्वतःला फसवणं.

तिसरी: ९५ टक्क्यांची रेघ एका जागेसाठी असते. ७४० मेगाबेसवर १०० किलोबेसने सरकलं तर ७,४०० खिडक्या. कुठेच जनुक नसलं तरी सुमारे ३७० खिडक्या रेघेवर जातील, आणि त्याही शेजारीशेजारी गटाने. त्यांचीच ती सात-आठ शिखरं.

मर्यादा स्वतः सिम्युलेशनने काढा. आर भाषेत तासाभराचं काम आहे:

१. संगणकात एफ२ झाडं बनवा: आठ गुणसूत्रं, प्रत्येकावर त्याच्या जनुकीय लांबीनुसार क्रॉसओव्हर (गुणसूत्रांच्या जोडीतली तुकड्यांची अदलाबदल, म्हणजेच पुनर्संयोग).

२. कोणत्याही जनुकाचा विचार न करता त्यातली २० एका पूलमध्ये, २० दुसऱ्यात.

३. प्रत्येक एसएनपीला तुमच्या डेटातली खरी डेप्थ द्या आणि द्विपद वाटपाने रीड काढा.

४. तुमचीच खिडकी, तीच सरासरी. संपूर्ण जिनोममधला सर्वांत मोठा फरक नोंदवा, चिन्ह सोडून.

५. हे १,००० वेळा. त्या १,००० कमाल फरकांतला ९५ वा शतमान ही तुमची मर्यादा.

आठ गुणसूत्रांच्या जिनोमला ही मर्यादा साडेतीन-पावणेचार प्रमाण विचलनांच्या घरात जाते. २०-२० झाडांच्या पूलांना ०.४ च्या आसपास. शुद्ध झाडांच्या पूलांत खरं शिखर १ च्या जवळ असतं, त्यामुळे ही कडक रेघ खऱ्या जनुकाला अडवत नाही. तयार पॅकेजमध्ये झाडांची संख्या विचारली जाते तिथे परिणामी संख्या घाला, नळीवरची नाही.

शिखर रुंद आलं म्हणून घाबरू नका. शुद्ध पूलांत जनुकापासून पुनर्संयोगाचं प्रमाण र असेल तर फरक १ − २र असतो: १० टक्के पुनर्संयोगाच्या अंतरावरही फरक ०.८. दोन्ही पूल मिळून ८० गुणसूत्रं, म्हणजे सर्वांत जवळचा क्रॉसओव्हर प्रत्येक बाजूला सरासरी सव्वा सेंटीमॉर्गनवर (एक सेंटीमॉर्गन म्हणजे एक टक्का पुनर्संयोगाचं अंतर). पूलमध्ये एका क्रॉसओव्हरने प्रमाण अडीच टक्केच हलतं आणि ३० डेप्थला ते दिसतही नाही. म्हणून शिखराच्या टोकाखालच्या जनुकाचं नाव थेट अहवालात लिहू नका. सेंटीमॉर्गनचं मेगाबेसमध्ये रूपांतरही सरसकट करू नका. सेंट्रोमिअरजवळ पुनर्संयोग इतका कमी असतो की तिथलं शिखर पठारासारखं पसरतं.

## टप्पा ९: पूलबाहेरच्या झाडांवर पडताळणी

शिखराच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच-सहा कॅस्प मार्कर (पीसीआरने एका एसएनपीचा अलील ओळखणारे) बनवा, साधारण मेगाबेसभर अंतराने. ते पूलमध्ये नसलेल्या झाडांवर चालवा. पूलमधल्या झाडांवर मार्कर जुळणारच, त्यांच्यावरूनच तर तो शोधला आहे.

५० पूर्ण प्रतिकारक ओळींपैकी २० पूलमध्ये गेल्या, ३० उरल्या. त्यांच्या एफ२ झाडांचा डीएनए तुम्ही राखून ठेवला आहे. ३० झाडं म्हणजे ६० गुणसूत्रं. समजा त्यांतल्या ३ गुणसूत्रांवर जेजी ६२ चा अलील निघाला: पुनर्संयोग ३/६० = ०.०५. लॉड (मार्कर आणि जनुक जोडलेले असल्याच्या पुराव्याचा आकडा) काढताना ०.९५ चा ५७ वा घात गुणिले ०.०५ चा तिसरा घात, भागिले ०.५ चा ६० वा घात, आणि त्याचा दहा पायाचा लॉगॅरिदम: १२.९. प्रचलित मर्यादा ३. इथे शंकेला जागा नाही.

लॉड ३ च्या खाली आला तर या क्रमाने मागे जा: आधी पाकिटांचे क्रमांक, मग मूळ चिरून केलेल्या नोंदी, मग पूलमधले वाटे, आणि शेवटी मर्यादेचा हिशेब. बहुतेकजण उलट्या क्रमाने जातात, कारण संगणक टेबलावर असतो आणि पाकिटं गोदामात. ज्या तीन झाडांत पुनर्संयोग सापडला त्यांचं राखीव एफ३ बी मात्र लगेच वेगळं काढून ठेवा. जागा अरुंद करायला पुढच्या रब्बीत तेच पेरायचं आहे.